दुखतंय म्हणजे दुखतंय

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. सोलापुरात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षेतली उत्तरं सोडली तर दोन पानांपेक्षा मोठं मी कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय माझं आजारपण म्हणजे एक दात. महिनोन्‌महिने वॉर्डात पडून असलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्यासमोर एका दाताबद्दल लिहायला बसणं मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं.

तरी लिहितोय. हाडात बसवलेला स्क्रू दुखायला लागला तेव्हा मी मोबाईलवर मराठीत खूप शोधलं. सापडल्या त्या जाहिराती. सगळीकडे पांढरेशुभ्र हसणारे लोक आणि 'वेदनारहित' हा शब्द. ज्याला वेदना होते आहे त्यानं काय करायचं, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

माझा स्क्रू टिकणार की काढावा लागणार, हे आज लिहायला बसलोय तेव्हा मलाही माहीत नाही. स्कॅन झालाय, निकाल यायचाय. तोवर जे झालं ते लिहून ठेवतो.

दात गेला तो दिवस

आमची वस्ती वळसंगच्या पुढं. घरी मेंढरं आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी लोकर कातरायची म्हणून मी गावी गेलो होतो. कातरणारा बसतो, आपण मेंढरू पाडून त्याचे पाय धरायचे, हे काम मी सातवीपासून करतोय. त्या दिवशी हाताखाली नर होता, अंगानं भरलेला. माझ्या खिशात मोबाईल वाजला. मी मान खाली घातली आणि त्याच वेळी त्यानं मान वर घेतली. माझा वरचा समोरचा दात आत वळला.

रक्त थांबल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, माझा ओठ वर केला आणि अंगठ्यानं दात दाबून बघितला. यात विशेष काही नाही. आमच्याकडे जनावराचं वय दातावरून ठरतं. बाजारात मेंढी घेणारा आधी तिचा ओठ ओढतो, दात मोजतो, मग अंगठ्यानं दाबतो. दात हलला तर मेंढी म्हातारी. आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाच्या अंगठ्याला ही सवय आहे. माझ्याही.

"हालतोय," आप्पा म्हणाले. "बसंल जागंवर."

तो बसला नाही. दोन आठवड्यांत काळा पडला, हिरडी सुजली, आणि मी रुमाल तोंडावर धरून वर्गात बसायला लागलो. मेंढ्यानं मारलं हे कॉलेजात सांगायची लाज वाटली, म्हणून गाडीवरून पडलो असं सांगितलं. आता खरं लिहिलं. वाचून कुणाला हसू आलं तर हसावं.

दात काढून नवा बसवायचा विषय घरी निघाला तेव्हा माझे चुलते, तात्या, चहा पीत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवून मला विचारलं, "मेंढराला वर दात असत्यात का रं?"

मेंढराला वरच्या जबड्यात समोर दात नसतातच. मी म्हणालो, नसतात.

"मग त्येचं काय आडतंय? तुजंच काय आडलंय?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण माझं अडत होतं. मला शिक्षक व्हायचंय. 'त' आणि 'द' म्हणताना त्या फटीतून वारा जात होता. आधीच मी बोलायला उभा राहिलो की चुकून 'हाय' आणि 'न्हाय' निघतं आणि मागच्या बाकावरून आवाज येतात. त्यात ही फट. दोन महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या डोक्यात भरपूर प्रश्न होते.

खुर्चीतला दिवस

दातांच्या एका कॉलेजात गेलो. तिथं शिकणारे डॉक्टर उपचार करतात, म्हणून ते आम्हाला जमलं. पैशाबद्दल याहून जास्त लिहीत नाही. त्याचं गाऱ्हाणं हा वेगळा विषय आहे आणि तो आप्पांचा आहे, माझा नाही.

मला डॉ. स्नेहल मॅडम मिळाल्या. त्याही पुढचं शिक्षण घेत होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सरळ सांगितलं: दात मुळापर्यंत उभा चिरलाय, वाचणार नाही. काढायचा, जखम भरू द्यायची, मग हाडात एक छोटा धातूचा स्क्रू बसवायचा. हाड हळूहळू त्या स्क्रूला धरतं. त्याला तीन-चार महिने लागतात. नीट धरलं की वर दात चढवायचा.

"आणि नाही धरलं तर?" मी विचारलं.

"तर स्क्रू काढावा लागतो. सहसा तशी वेळ येत नाही."

आप्पा खुर्चीशेजारी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तोंडात सदा वल आसती. गंजंल का?"

शेजारच्या खुर्चीवरची दोन मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तसलाच एक स्क्रू कपाटातून काढून आप्पांच्या हातावर ठेवला आणि तो कोणत्या धातूचा आहे, का गंजत नाही, हे नीट समजावलं. आप्पांनी तो उजेडात फिरवून बघितला, आटे मोजले आणि परत दिला. मला त्या दिवशी मॅडमवर विश्वास बसला. पुढं काही दिवस तो डळमळला, तेही लिहिणार आहे.

स्क्रू बसवताना

लोक विचारतात, लई दुखलं का? बसवताना नाही दुखलं. सुईचं टोचणं, मग अर्धं तोंड परक्या माणसाचं असल्यासारखं. यंत्र चालू झालं तेव्हा आवाज कानातून येत नव्हता, कवटीच्या आतून येत होता. कुणीतरी माझ्या डोक्याच्या हाडावर बसून बोअर मारतोय असं वाटलं. ते दुखणं नसतं, दडपण असतं. हा फरक आधी कुणी सांगितला असता तर खुर्चीचा हात मी एवढा घट्ट धरला नसता.

बाहेरचं नेहमीचंच होतं. सकाळी केसपेपरची रांग, नंबर, बाकावर वाट बघणं, तोंडात कापसाचा बोळा धरलेली माणसं एकमेकांकडे बघून मान हलवणारी. तिथं कुणाला बोलता येत नाही, म्हणून सगळे फार समजूतदार असतात.

तिथून माझा वर्गमित्र श्रीनिवास मला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात. त्याच्या आईला माझं मराठी अर्धं कळतं आणि तोंड सुजलेलं असताना तर काहीच कळत नव्हतं. तिनं काही न विचारता भात मऊ कालवून ताक घातलं, बर्फाचे खडे फडक्यात बांधून दिले आणि पंखा माझ्याकडे फिरवला. श्रीनिवास समोर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होता, मुद्दाम आवाज करून.

"काय बे, देऊ का तुकडा?" तो म्हणाला. आईनं त्याच्या डोक्यात टपली मारली. आजारपणात ज्याची आठवण राहावी असं काही असेल तर ती टपली आहे.

चार दिवसांत सूज गेली. आठवड्यानं टाके काढले. हिरडीतून स्क्रूचं चकचकीत टोपण तेवढं वर दिसत होतं, बटणासारखं. बाहेर जाताना मी त्यावर काढता-घालता येणारा तात्पुरता दात लावायचो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं चांगलं होतं.

दुखण्याला नाव शोधताना

मग एका सकाळी दात घासताना चमक आली. क्षणभर, आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्यात ती चमक राहिली नाही, ठसठस झाली. दिवसभर मागे कुठंतरी चालू, घरात कुणीतरी मुसळानं कांडत असावं तशी. काही खाताना ओठ त्या टोपणावर टेकला की ठणका लागायचा आणि तो नाकाच्या बाजूनं डोळ्याखालपर्यंत चढायचा.

मी तपासणीला गेलो. तिथल्या शिकाऊ मुलानं विचारलं, दहापैकी किती दुखतंय?

मी विचारात पडलो. मी विंचू चावलेली माणसं बघितली आहेत. विताना आडलेली मेंढी तासन्‌तास उभी राहते आणि आवाज करत नाही, तीही बघितली आहे. आमच्यात दुखतंय म्हणणं म्हणजे काम चुकवणं. त्या सगळ्यांना दहा द्यायचे तर मला काय उरतं? मी म्हणालो, तीन.

त्यानं कागदावर 'तीन' लिहिलं. कागदावर तीन लिहिलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. एक्स-रे काढला, चांगला आला. "नॉर्मल आहे, थोडं राहणारच," असं सांगून मला गोळ्या दिल्या.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी मोठे सर होते. मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकतात. त्यांनी आरशाच्या दांडीनं टोपणावर ठक ठक वाजवलं, आवाज चांगला आहे म्हणाले. मी म्हणालो, सर, वाजवल्यावर दुखलं. ते म्हणाले, मनात घेऊ नकोस, लक्ष दुसरीकडे लाव, अभ्यास कर. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला त्याचा राग आला.

खोलीवर आल्यावर मी विचार केला की मला सांगताच येत नसेल तर त्यांना कळणार कसं? मग एक वही केली. आकडे नाहीत, आपलेच शब्द. केव्हा चमकलं, केव्हा ठसठसलं, केव्हा सललं, आधी काय झालं होतं, काय खाल्लं होतं, गावी होतो की सोलापुरात. दोन आठवडे रोज लिहिलं. मला वाटलं होतं वहीत खाण्याचं काहीतरी निघेल. निघालं भलतंच. दर सोमवारी दुखणं सगळ्यांत जास्त. आणि रोज सकाळी आरशासमोरून आल्यावर.

मी ती वही स्नेहल मॅडमना नेऊन दिली. त्यांनी उभ्या उभ्या चाळली, मग स्टूल ओढून बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचली. मधेच बोट ठेवून विचारलं, "हे काय? 'आप्पांनी बघितलं.' 'तात्यांनी बघितलं.' 'मी बघितलं.' बघितलं म्हणजे?"

मी अंगठा दाखवला.

त्यांना कळलं नाही. म्हणून मी करून दाखवलं: ओठ वर, अंगठा टोपणावर, दाब, पुढं-मागं, बसलाय का. रविवारी गावी गेलो की आप्पा बघायचे. मग तात्या. मग आजूबाजूच्या वस्तीवरून कोण आलं तर तेही, कारण तोंडात लोखंड बसवलेला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. आणि सोलापुरात रोज सकाळी मी स्वतः.

"रोज?"

"रोज."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. मग शांतपणे सांगितलं की हाड स्क्रूला धरत असतं तेव्हा तो केसाच्या जाडीएवढाही हलता कामा नये. सारखा हलला तर हाडाऐवजी त्याभोवती मऊ मांस तयार होतं, आणि मग तो कधीच पक्का होत नाही. "मी तुला सांगितलं होतं की त्या जागेनं चावू नकोस, जीभ लावू नकोस. अंगठा लावू नकोस असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

कुणाच्या आलं असतं? ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकत होती. आम्हाला पक्कं बसलंय का ते बघायचं होतं आणि बघून बघूनच आम्ही ते हलवत होतो.

आप्पांचा हात

मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली हे लिहितो. स्क्रू काढायची नव्हे. आप्पांना सांगायची.

आप्पा कधी काही विचारत नाहीत. अभ्यास कसा चाललाय, जेवलास का, काही नाही. मी गेलो की ते हात धुतात, धोतराला पुसतात, माझी हनुवटी धरतात आणि अंगठ्यानं बघतात. एवढाच काय तो आमच्यातला संवाद. तो बंद करायचा होता.

त्या रविवारी मेंढरं खतासाठी एका रिकाम्या रानात बसवली होती. तात्याही होते. आप्पा हात पुसत आले, हनुवटी धरली, आणि मी त्यांचं मनगट पकडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"आप्पा, हात लावू नगा."

"का? मी काय वंगाळ करतोय का?"

मी सांगितलं. मॅडमनी सांगितलं तसंच, केसाच्या जाडीसकट. सांगताना माझा आवाज चढला. मी म्हणालो, माजं तोंड म्हंजी बाजारातली मेंढी न्हाय. सगळ्यांनी येऊन दाबायचं, मग दुखलं की म्हणायचं सोस. मला न्हाय सोसायचं.

तात्या म्हणाले, "शिकला की ह्यो. बापाचा हात धराया शिकला."

मला वाटलं आता आप्पा काहीतरी लागट बोलतील. ते खाली बसले. बराच वेळ अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग तात्यांकडे न बघताच म्हणाले, "गप ऱ्हा तू. रोज कोंब उपटून मूळ धरलं का बगत हुतो आपुन. कसं धरंल?"

आणि मला म्हणाले, "आता कुणी लावला हात तर मला सांग."

त्यानंतर कुणी लावला नाही. एक म्हातारे आजोबा हौसेनं जवळ आले तेव्हा आप्पांनी त्यांना दुरूनच 'बगायचं, शिवायचं न्हाय' असं बजावलं, देवळात पुजाऱ्यानं सांगावं तसं. मी स्वतः मात्र दोनदा चुकलो. सवय वाईट असते. मग आरसाच भिंतीकडे फिरवून ठेवला.

ऐकत नाहीत तेव्हा

पुढचा एक महिना कुणी हात लावला नाही. ठसठस कमी झाली, पण गेली नाही. ओठ टेकला की ठणका तसाच. म्हणजे स्क्रू वाचतोय की जातोय हे कळायचं बाकी होतं, आणि मला ते कळून घ्यायचं होतं. मी पुन्हा दातांच्या कॉलेजात गेलो.

सर सात-आठ मुलांना घेऊन फेरीवर होते. माझा एक्स-रे पुन्हा चांगलाच आला होता. त्यांनी तो मुलांना दाखवला, बघा किती छान बसलाय. मग मला म्हणाले, "तुझं सगळं व्यवस्थित आहे. काही लोकांचं शरीर बरं होतं, मन होत नाही."

मुलं माझ्याकडे बघत होती, बहुतेक माझ्याच वयाची. तात्पुरता दात मी खिशात ठेवला होता, त्यामुळे फटीतून वारा जाणार हेही माहीत होतं. तरी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"सर, मनाचं न्हाय. हाडाचंच हाय. पहिल्या वेळी मी तीन म्हणालो ते चुकलं, मला सांगता येत नव्हतं. आता सांगतो. वाजवलं की दुखतं. ओठानं दाबलं की नाकाच्या बाजूनं वर चढतं. मागच्या बाजूनं जिभेनं दाबलं तर दुखत न्हाय, फक्त पुढनं. वहीत रोजचं लिहिलंय. एक्स-रेत दिसत नसंल तर ज्यात दिसंल ते करा. पण दुखत न्हाय असं मला सांगू नका."

एवढं सलग मी माझ्या कॉलेजात दोन वर्षांत बोललो नव्हतो. 'हाय' आणि 'न्हाय' दोन्ही निघाले आणि मी ते परत घेतले नाहीत.

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेव्हा स्नेहल मॅडम पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "सर, फक्त पुढून दुखतंय म्हणतोय. ती बाजू आपण बघितलेलीच नाही. स्कॅन करून घेऊ या का?" सरांच्या हाताखाली त्यांना अजून एक वर्ष काढायचं आहे. मागच्या वेळी त्या गप्प राहिल्या याचा माझा राग तिथंच संपला.

सरांनी वही मागितली. दोन पानं वाचली आणि स्कॅनच्या कागदावर सही केली.

ज्यांच्या तोंडात असंच काही आहे त्यांच्यासाठी

मी डॉक्टर नाही, म्हणून औषधं सांगणार नाही. मला जे उमगलं तेवढंच सांगतो.

पहिल्या काही दिवसांचं दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जातं. त्याला भिऊ नका. कमी होऊन परत वाढलं, किंवा आठवड्यांनंतर नव्यानं सुरू झालं, तर ते वेगळं. ते सांगायचं, आणि ऐकेपर्यंत सांगायचं. आकडा मागितला तर आपल्या आजीच्या प्रसूतीशी आणि शेजाऱ्याच्या विंचवाशी तुलना करू नका. तुमचं दुखणं तुमचंच मोजायचं असतं. आकडा जमला नाही तर शब्द सांगा. ठणकतंय, सलतंय, झोंबतंय, चमकतंय, हे सगळे वेगवेगळे आजार आहेत असं मला वाटायला लागलंय. आपल्या भाषेत त्यांना नावं आहेत, ती सांगायला लाजू नका.

घरच्यांना दुरून बघू द्या. ते मायेनंच येतात, पण माया अंगठ्यात असली तरी अंगठा तो अंगठाच.

आणि 'मनात घेऊ नको' असं कुणी म्हणालं तर एकदा मनाशी तपासून बघा, प्रामाणिकपणे. मीही तपासलं. तीन दिवस दुखण्याकडे लक्ष द्यायचंच नाही असं ठरवून हिंडलो, श्रीनिवाससोबत मॅच बघितली, पोट दुखेपर्यंत हसलो. हसताना ओठ ताणला आणि ठणका लागला. त्यानंतर मी स्वतःवर शंका घेणं सोडलं.

आजची दुपार

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज दुपारी कॉलेजच्या वाचनालयात बसून हीच पानं नीट उतरवून काढत होतो, तेव्हा स्नेहल मॅडमचा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन घेतला.

त्या म्हणाल्या, "स्कॅन आला. मागच्या बाजूनं हाड धरलंय. पुढच्या बाजूनं, ओठाकडून, धरलेलंच नाही. साध्या एक्स-रेत ती बाजू दिसत नाही, म्हणून सगळं चांगलं वाटत होतं. काढावा लागेल, बिरा."

मी कठड्याला टेकलो. चार महिने गेले होते. मी विचारलं, आमच्या अंगठ्यानं झालं का? त्या म्हणाल्या, असू शकेल, पण ती पुढची हाडाची भिंत तुझी मुळातच पातळ होती, मार लागला तेव्हाच ती खचली असेल. ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. आप्पांना हे सगळं आहे तसं सांगायचं, असं मी ठरवलं.

मग विचारलं, परत बसवता येईल का. येईल, त्या म्हणाल्या. जखम भरू द्यायची, थोडं हाड भरायचं, मग पुन्हा. सगळं पहिल्यापासून.

"गुरुवारी येतो," मी म्हणालो. "काढा. आणि परत बसवायचाच."

"थांब, फोन ठेवू नकोस. अजून एक आहे. सकाळी सरांनी तुझा स्कॅन सगळ्या मुलांसमोर पडद्यावर लावला होता. म्हणाले, पेशंट पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता, चूक आपल्या ऐकण्यात झाली. हे तुला कळवायला त्यांनीच सांगितलंय."

मी म्हणालो, मॅडम, एकदा परत सांगा.

त्यांनी परत सांगितलं.